फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढाच का राहतो?

दिवाळीचा फराळ संपला की पुण्यातल्या गच्च्यांवर हिवाळी भाजीची लगबग सुरू होते. फ्लॉवरपुरतं बोलायचं तर तोवर उशीर झालेला असतो. इथली खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची. फेब्रुवारी सरताना दुपारचा पारा तिशी ओलांडतो. रोप तयार व्हायला 25 ते 30 दिवस, पुढे गड्डा भरायला जातीप्रमाणे 60 ते 90. म्हणजे बी सप्टेंबरमध्येच ट्रेमध्ये पडायला हवं आणि रोप ऑक्टोबरात कुंडीत. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा पहिला आठवडा दुपारी वर जुनी ओढणी बांधा.

रोप ट्रेमध्ये दीड महिना अडकलं की मुळं वेटोळी होतात. मग पानं वाढायच्या आधीच लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. लवकर येणारी जात उशिरा लावली तरी तेच. नर्सरीतून घेताना चार-पाच पानांचं बुटकं रोप उचला, उंच काटकुळं नको. बारा इंची कुंडीत एकच. एवढी मोठी कुंडी नसेल तर फ्लॉवरचा हट्ट सोडा, मंडईत मिळतो.

खताआधी ऊन बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्यात भर दुपारीही तो जेमतेम 48 अंशांवर असतो. गच्चीच्या दक्षिण कठड्याला खेटून ठेवलेल्या कुंड्या त्यामुळे दिवसभर सावलीत राहतात. तीन फुटी कठड्याची सावली दुपारी बारा-साडेबाराला पावणेतीन फूट पडते. कुंड्या तेवढ्या मागे घ्या किंवा विटांवर चढवा. उत्तरेच्या बाल्कनीत तर या दिवसांत थेट ऊन येतच नाही, तिथे गड्डा-शेंगांच्या भाज्यांवर पैसे घालवू नका.

मेथीला सहा इंच मातीचा क्रेट पुरतो. दाट पेरा, महिन्याभरात काढा, दर दहा दिवसांनी नवा क्रेट. रोज झारीभर पाणी घातलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी माती उकरून बघणारे स्वतःच कोंब मोडतात.

गाजर-मुळ्याची रोपं लावायची नसतात, बी जागेवरच टाकायचं. बारा इंच खोल, चाळलेली माती. खडे किंवा अर्धकच्चं शेणखत असलं की गाजराला फाटे फुटतात. विरळणी करताना जीव कासावीस होतो, पण दोन-तीन इंचांवर एकच ठेवा. उपटलेल्या मुळ्याच्या पाल्याची भाजी होतेच. मटार मात्र निव्वळ हौस. दहा-बारा वेलांत एका वेळची उसळही होत नाही.

ढगाळ हवेत कोबी-फ्लॉवरवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येते. ती पानाच्या मागे असते आणि आपण वरून बघत बसतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे थेंब, संध्याकाळीच. उन्हात मारलं तर पानं करपतात.

मुळा 45 दिवसांच्या आसपास काढा, नाहीतर आतून भेंडासारखा होतो. एक-दोन मात्र मुद्दाम ठेवा. फुलं येऊन गेल्यावर डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतात, आणि कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी बाजारात सहजासहजी मिळत नाही.