पूर्ण क्लिप आहे का कुणाकडे?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक ऑडिओ आला. वर लिहिलेलं, "हेडफोन लावून ऐका." ११२ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केलेल्या कुणा बाईचा आवाज. मी चार-पाच सेकंदांत बंद केला. तोवर खाली अठरा जणांनी हात जोडून झाले होते आणि एकाने विचारलं होतं, "पूर्ण क्लिप आहे का कुणाकडे?"

अरे, मदत मागत होती ती! तुमच्याकडे नव्हती मागत. तिने नंबर फिरवला तेव्हा तिला वाटलं असेल का, की हे उद्या चहासोबत ऐकतील म्हणून?

बाबा गेले त्या रात्री फोन मी लावला होता. पलीकडचा मुलगा शांतपणे पत्ता विचारत होता, आणि वीस वर्षं ज्या घरात राहिले त्याचा पत्ता मला सांगता येईना. "पिठाच्या गिरणीच्या पुढची बोळ", हेच परत परत. मागे आई बाबांना हलवत होती. आमच्या आईने चाळीस वर्षांत बाबांचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी "अहो", नाहीतर "ऐकलंत का". त्या रात्री तिने त्यांना नावाने हाका मारल्या. अरेतुरे केलं. तीन-चारदा.

ते सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर आहे.

गाडी यायला पाऊण तास लागला. का लागला ते कळावं म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, रेकॉर्डिंग आणि वेळांची नोंद द्या म्हणून. उत्तर आलं, त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. त्रयस्थ कोण? फोन माझा, आवाज माझा, मेलेला माणूस माझा बाप!

आणि हे आता आणखी अवघड झालंय. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम ८(१)(जे) वैयक्तिक माहिती नाकारायला मुभा देतं, पण त्यात व्यापक जनहिताची एक खिडकी होती. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातली ती खिडकीच काढून टाकली. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) अजून आहे, मान्य. पण खिडकीवरच्या माणसाला "वैयक्तिक" हा एक शब्द पुरतो, अपिलाच्या चकरा आपण मारायच्या. २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, ते माणसासाठी. दप्तराला लपायला जागा मिळावी म्हणून नव्हे.

म्हणजे जिचा आवाज आहे तिला मिळत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपला मिळतो. माझी तळपायाची आग इथे मस्तकात जाते.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ९११चे, म्हणजे तिकडच्या ११२चे, कॉल मागेल त्याला मिळतात. २०१२मध्ये न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, त्या वेळचे कॉल वर्षभराने कोर्टाच्या आदेशाने खुले झाले. त्यातून यंत्रणा कशी वागली ते लोकांना कळतं, हेही खरं. एखादं प्रकरण क्लिप फुटली म्हणूनच उघड होतं, तेही खरं. पण मग वेळा सांगा ना. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, कुठे अडली. हे सगळ्यांना कळू दे, भिंतीवर लावा. रडणं कशाला हवंय तुम्हाला?

ज्यांच्याकडे ती क्लिप आहे त्यांनी आत्ता, हे वाचता वाचता, डिलीट करा. ज्याने पाठवली त्यालाही सांगा. काका असोत, साहेब असोत, सांगा.

अपील केलंय मी. त्याचे कागद लावत होते तेव्हा आई शेजारी पोळ्या लाटत होती. उशिराबद्दल तिने कधीच काही विचारलं नाही. त्या दिवशी एवढंच विचारलं, "त्यात माझं पण ऐकू येतं का गं?"

म्हटलं, येत असेल.

तिने लाटणं बाजूला ठेवलं, पोळपाटावरचं पीठ हाताने गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मिळालं तर तू एकटीच ऐक."