नाटक बघायला येता की शूटिंग करायला?

अरे बाबांनो, फोन खाली ठेवा ना जरा! पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग म्हटलं की आमचं अख्खं घर निघतं, आईला तर नाट्यगीतं तोंडपाठ, पोरांनाही मुद्दाम नेतो, कारण समोर बसलेला ऑर्गनवाला आणि तबलजी गायकाच्या नजरेवर कसे चालतात हे यूट्यूबवर नाही कळत, तिथेच कळतं. आणि बरोबर पद रंगात आलं, तान समेवर येणार, की पुढच्या रांगेत चार स्क्रीन चमकतात. हात वर करून रेकॉर्डिंग चालू! मागच्याला स्टेजच दिसत नाही. वर कुणाची तरी रिंगटोन, आणि तो माणूस उचलतो पण, "नाटकात आहे रे, बोल"... बोल काय बोल??

सुरुवातीला अनाउन्समेंट होते, फोन बंद ठेवा म्हणून, ऐकतंय कोण. २०१९ मध्ये सुबोध भावेने वैतागून नाटकात काम करणंच थांबवायची भाषा केली होती, तरी आपण जिथल्या तिथे.

१९६८ ला उघडलेलं थिएटर आहे ते, ज्यांच्या नावाने आहे त्या बालगंधर्वांनी स्वतः भूमिपूजन केलंय. त्यांच्या काळात लोक रात्र रात्र जागून, वन्समोअर घेत गाणं ऐकायचे. आपल्याला तीन तास फोन खिशात ठेवता येत नाही? आईने परवा विचारलं, "यांना गाणं ऐकायचंच नसतं तर तिकीट का काढतात गं?" काय सांगू तिला. आता मी सरळ खांद्यावर टकटक करून फोन बंद करायला सांगते, राग आला तर येऊ दे.