पाचवं चाक

जाहिरातीत दोनच अटी होत्या: गोड बोलता यावं आणि डोकं शांत असावं. माल कसला, तर ट्रकचे स्पेअर पार्ट्स. ती ओळ मी वाचून सोडून दिली. साबण असो की बेअरिंग, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढं म्हणायला काय लागतं? अर्जात 'वाहन क्षेत्राची आवड' असंही ठोकून दिलं. स्कूटरमध्ये पेट्रोल मी स्वतः जाऊन भरते, तेवढ्या आधारावर.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलं होतं. माझ्या बायोडेटाच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटला आणि कागद बाजूला गेला.

"फिफ्थ व्हील म्हणजे काय?"

"स्टेपनी!" चार चाकं, वर एक जादा. हिशोब सरळ होता.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला चाकं किती असतात, मॅडम?"

मी मनात मोजायला घेतलं आणि सहाच्या पुढे गेल्यावर गप्प बसले. फिफ्थ व्हील म्हणजे गाडीच्या पाठीवर बसवलेली जाड लोखंडी थाळी. ग्रीसनं माखलेली, मागच्या बाजूला खाच. ट्रेलरची किंगपिन, म्हणजे त्याच्या पोटाखालची जाड खुंटी, त्या खाचेत जाऊन लॉक होते. हे चाक जन्मात रस्त्याला लागत नाही. बरं, किंगपिन पुढच्या ॲक्सलवरही असते, पण ती निराळी. त्यामुळे नुसतं 'किंगपिन पाठवा' म्हणणाऱ्याला 'कुठली?' असं विचारावंच लागतं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. शांत डोक्याची अट नक्की कुणासाठी होती, कोण जाणे.

"आता मी ड्रायव्हर. तुम्ही फोन उचलला," म्हणत त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली. आरशासमोर आठवडाभर घोटलेलं माझं हसू भिंतीवरच्या क्लच प्लेटांच्या तक्त्यापलीकडे कुणी पाहिलं नाही.

"हॅलो! हवा धरत नाहीये. गाडी जागची हलेना."

"अरे बापरे! ब्रेक फेल झाले का?"

"फेल झाले असते तर हलली असती!"

एअर ब्रेकच्या ट्रकला पार्किंगचा ब्रेक दणकट स्प्रिंग लावते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला दाबून ठेवतो. हवा उतरली की स्प्रिंग सुटते, ब्रेक आवळतो आणि गाडी खिळते. दाबला की ब्रेक लागतो, एवढ्या ज्ञानावर मी आजवर रस्ते ओलांडत आले होते.

मग चॅसी नंबर. 17 अक्षरं-आकडे त्यांनी एका दमात म्हटले, मी एका दमात लिहिले.

"वाचून दाखवा."

मी वाचलं. मध्ये एक 'ओ' आला.

"चॅसी नंबरात आय, ओ आणि क्यू नसतातच. एक नि शून्याशी घोटाळा होतो म्हणून."

"पण तुम्हीच 'ओ' म्हणालात!"

"मी ड्रायव्हर आहे. मी काहीही म्हणेन."

यावर काय बोलणार? ग्राहक म्हणून माझं सबंध आयुष्य असंच गेलं आहे.

"बरं, डाव्या बाजूचा हेडलाइट पण लावून द्या."

मी 'हो सर' म्हणणारच होते. पण एव्हाना माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. "तुम्ही गाडीसमोर उभे राहून डावा म्हणताय, की सीटवर बसून?"

खुर्ची वळली. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. धंद्यात डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवरून धरतात म्हणे. मग बाजूला सारलेला बायोडेटा त्यांनी उचलला आणि माझा नंबर आकडा-आकडा करून माझ्याकडूनच वदवून घेतला.

"कळवतो," म्हणाले.

त्याला आठवडा झाला. काल सिग्नलला एक ट्रेलर शेजारी येऊन थांबला. मी स्कूटरवरून वाकून वाकून केबिनच्या मागे पाहत होते, तर ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय ओ ताई, काही पडलंय का?"

"नाही नाही. पाचवं चाक बघतेय."

तो दार उघडून खाली उतरला आणि गाडीची चाकं मोजायला लागला.