मामा, शपथ घेतली की खुनी सुटायचा असं नव्हतं हो

गेला आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे जुन्या पोलंडमधल्या शहरांच्या कोर्टात आरोपीने क्रूसावर दोन बोटं ठेवून "मी निर्दोष आहे" म्हटलं की केस तिथेच संपायची, देवाच्या धाकाने खोटी शपथ कुणी घ्यायचंच नाही, म्हणून छळ करायची वेळच आली नाही, सगळ्यांना एकच न्याय, आणि जगातली पहिली ज्युरीपण तिथलीच. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि "आपल्या कोर्टांनी शिकावं". मामांनी पाठवला म्हणून मी गप्प होते. मामा कोल्हापूरचे, लहानपणी वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश निर्वासितांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले (1943 ते 1948, पाच हजारांच्या आसपास माणसं राहिली तिथे), त्यामुळे पोलंडचं काहीही आलं की त्यांना भरून येतं. पण काल कळलं की त्यांच्या नातीने, जी लॉ च्या पहिल्या वर्षाला आहे, हेच सगळं प्रेझेंटेशनमध्ये टाकलंय. मग मात्र राहवेना.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं पोलंडमधल्या क्राकूवला होते. तिथल्या मोठ्या चौकात जुन्या टाऊन हॉलचा फक्त टॉवर उभा आहे, बाकीची इमारत 1820 मध्ये पाडली. खालच्या तळघरात आज छोटं थिएटर आहे, मी तिकीट काढून नाटक बघून आलेय. त्या तळघरात शहराचा तुरुंग होता. आणि छळाची खोलीसुद्धा. तेव्हा "छळाची वेळच आली नाही" हे कुणी लिहिलं ना, त्याला त्या पायऱ्या एकदा उतरायला लावा.

आता हाच मुद्दा सगळ्यात घातक आहे म्हणून इथे थोडं थांबते. 1559 मध्ये क्राकूवला बार्तवोमिएय ग्रोइत्स्की नावाच्या माणसाने शहरांच्या कोर्टाचं कामकाज कसं चालतं यावर पोलिश भाषेत पुस्तक छापलं. हा माणूस राजवाड्यावरच्या वरच्या कोर्टात लेखनिक होता, म्हणजे रोज हेच बघणारा. लॅटिन-जर्मन न येणाऱ्या शहरी लोकांना कायदा कळावा म्हणून लिहिलं, आणि ते पुढे पुन्हा पुन्हा छापलं गेलं. त्याच वर्षी त्याने जर्मन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या 1532 च्या फौजदारी कायद्यावरून छळाचे नियमही पोलिशमध्ये आणले. कधी करायचा, पुरावा किती असेल तर करायचा, कबुली कशी पडताळायची. छळच नव्हता तर नियम कशाचे लिहीत बसला होता तो? आणि पद्धत बघा: आधी माणसाला "आपखुशीने" सांग म्हणायचं, नाही सांगितलं तर दोराने ताणायचं, मग खाली उतरवून तेच पुन्हा "आपखुशीने" वदवून घ्यायचं. तिथे नाकारलं तर? परत दोर. शपथ असूनही हे चालायचं. चेटकीण ठरवलेल्या बायकांचं काय झालं ते तर फॉरवर्डवाल्याने सोयीस्करपणे गाळलंय. पोलंडच्या संसदेने छळ आणि चेटकाबद्दलचा देहदंड बंद केला तो 1776 मध्ये. त्याआधीच्या शेकडो वर्षांना काय म्हणायचं मग, शपथेचं रामराज्य?

बरं, पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच लागेल. शपथेने सुटका होत होती. ज्याचं गावात नाव चांगलं आहे, पुरावा धड नाही, त्याला शपथेवर आरोप झटकता यायचा, कधी एकट्याने, कधी सोबत शपथ घेणारी माणसं उभी करून. पण ही सोबतची माणसं "आम्ही डोळ्याने बघितलं" असं सांगत नव्हती, "याची शपथ खरी आहे" एवढंच सांगायची. म्हणजे ज्याच्यामागे नातेवाईक आणि ओळखीपाळखी, त्याची शपथ वजनदार, आणि परगावचा भटका माणूस बिचारा एकटाच. शिवाय मुद्देमालासकट पकडला गेलेल्याला ही सोय नव्हतीच. तिथे उलटं व्हायचं, शपथ घ्यायचा फिर्यादी, स्वतः आणि अजून सहा जण. याला ते सामोशूद्म म्हणायचे, म्हणजे स्वतः सातवा. त्या सात शपथांवर चोर फासावर. तेव्हा शपथ सोडवायची तशीच लटकवायचीपण, हे नातीच्या स्लाइडवर कुठेय? आपल्याकडेही दिव्य होतंच की, उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, आणि त्याला आपण "काय सुंदर न्याय" म्हणत नाही.

देवाच्या धाकाने खोटं कुणी बोलत नव्हतं, हे वाचून मी खरंच हसले. त्याच 1532 च्या कायद्यात खोट्या शपथेची शिक्षा काय सांगितलीय, तर ज्या दोन बोटांनी शपथ घेतली तीच तोडायची. आणि तुमच्या खोट्या शपथेने दुसऱ्याला देहदंड होणार असेल तर तोच दंड तुम्हाला. देवाचा धाक पुरत होता तर कुऱ्हाड कशाला?

सगळ्यांना एकच न्याय, हेही नाही. सरदार लोक सहसा शहराच्या कोर्टापुढे यायचेच नाहीत, त्यांची कोर्टं वेगळी. ज्यूंसाठी 1264 ची, पोलंडमधल्या कालिश गावची सनद वेगळी, मोठा दावा, पन्नास मार्क चांदीच्या वरचा, किंवा खुद्द राज्यकर्त्यासमोर बोलावणं असेल तरच तोराहवर, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथावर शपथ, नाहीतर सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या दाराशी.

आणि हो, या शहरांचा हा कायदा पोलंडचा अस्सलही नाही, जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचा. क्राकूवला तो 1257 मध्ये ड्यूक बोलेस्वावने दिला. अपिलं जर्मनीला जाऊ नयेत म्हणून 1356 मध्ये राजा काझिमिएझने वावेलच्या किल्ल्यावर वरचं कोर्ट बसवलं, हेच ते ग्रोइत्स्कीचं. ज्युरी म्हणतात ती माणसं म्हणजे वाव्निक, वावा म्हणजे बाक, त्या बाकावर बसणारे, बहुतेक ठिकाणी सात. वुयत नावाचा अधिकारी मध्ये बसणार आणि निकाल हे सात जण सांगणार. ही त्यांची कायमची बसण्याची जागा, प्रत्येक केसला नवे बारा जण बोलावून आणायची इंग्लंडची ज्युरी वेगळी.

नातीला एवढंच सांगा मामा, "आपल्या कोर्टांनी शिकावं" ती स्लाइड काढ म्हणावं. 1969 च्या आपल्या शपथ कायद्यात फौजदारी खटल्यात आरोपीला शपथ द्यायला बंदी आहे, तो स्वतः बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला तरच द्यायची. सर पहिला प्रश्न तोच विचारतील तिला.