विंडोज १० संपलं म्हणून लॅपटॉप विकू नका: 'लिनक्सवर वायफाय चालत नाही' या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या कॉलेज ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं की वायफाय बंद पडतं, फर्मवेअर (वायफाय कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) स्वतः शोधून टाकत बसावं लागतं. आपोआप लोड होणारं फर्मवेअर कार्ड कायमचं बिघडवतं. त्यातून हेरगिरीही होते. तेव्हा जुना लॅपटॉप मिळेल त्या किमतीला विका. सोबत काळ्या स्क्रीनचा एक फोटो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद झाले, त्यामुळे लोक घाबरलेत हे खरं. पण हा मेसेज वाचून विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या घरात चांगला चालता लॅपटॉप विकून हप्त्यावर नवा घ्यायचं ठरतंय, म्हणून लिहायला बसलो.

आधी तो फोटो. झूम करून बघा. 'फेल्ड टू लोड' असं लिहिलंय आणि पुढे फाइलचं नाव 'आयडब्ल्यूएल-डीबग-योयो'. ही फाइल इंटेलच्या कार्डाची चूक शोधणाऱ्या इंजिनिअरांसाठी असते, वायफाय चालायला ती लागत नाही. इंटेलचा ड्रायव्हर (सिस्टिमच्या बाजूने कार्ड चालवणारा प्रोग्राम) फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसेल तर एकेक पायरी खाली उतरतो. प्रत्येक नकाराची ओळ स्क्रीनवर उमटू शकते. शेवटी एक ओळ येते, 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी. बघायची ती. फोटो तिच्या आधीच कापलाय.

आता 'वायफाय बंद पडतं'. हे कधीकाळी खरं होतं, आणि ते मी नाकारणार नाही. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद स्वरूपाचं फर्मवेअर नसायचं, कारण त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला नव्हता. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतः कार्ड ओळखतो आणि लागेल ते फर्मवेअर टाकतो. नको असेल त्याला बूट करतानाच नाकारता येतं. माझ्या मते निर्णय योग्य होता, फक्त फार उशिरा झाला. उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांत तर फर्मवेअरचा संच आधीपासूनच असतो.

तासगावचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, सीनियरने दिलेल्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११ टाकलेलं. वायफायचं चिन्हच नाही. टर्मिनल उघडून डी-मेसेज, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, बघितल्या. इंटेल ७२६० कार्ड, फाइल मागितलेली, उत्तर 'एरर -२'. याचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल सापडली नाही. कार्ड ठणठणीत होतं. त्याचाच फोन यूएसबी केबलने जोडला, टेदरिंग चालू करून फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, पॅकेजेस कुठून उतरवायची त्या सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री' (बंद सॉफ्टवेअरचा विभाग) शब्द घातला, 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' पॅकेज टाकून रीस्टार्ट. चहा यायच्या आत नेटवर्कांची यादी दिसली. "सर, मी तर कार्ड बदलायला पैसे घेऊन आलो होतो," म्हणाला.

'कायमचं बिघडतं' हा दावा तर उलटाच आहे. या कार्डांवर एक छोटा प्रोसेसर आणि त्याची स्वतःची रॅम असते. ड्रायव्हर दर वेळी डिस्कवरची फाइल त्या रॅममध्ये ओततो. वीज गेली की ती पुसली जाते. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले तरी एकाचं फर्मवेअर दुसऱ्यासाठी कार्ड कायमचं बिघडवत नाही.

हेरगिरीच्या मुद्द्याला मात्र मान देऊनच उत्तर द्यायला हवं. फर्मवेअरची फाइल बंद असते, आत काय चाललंय हे तुम्हीआम्ही वाचू शकत नाही, आणि ही काळजी रास्त आहे. पण म्हणून विंडोजकडे परत जाऊन काय मिळणार? तिथेही कार्ड त्याच कंपनीच्या बंद फर्मवेअरवर चालतं, ते फक्त ड्रायव्हरबरोबर मुकाट्याने येतं. डेबियनची पॅकेजेसही डिजिटल सहीची पडताळणी होऊनच उतरतात. आणि ज्याला खरंच बंद फाइल नको, त्याला वाट लिनक्सवरच आहे: एथेरॉस कंपनीच्या, 'एथ९के' ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय (लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या) कार्डांना डिस्कवरून फर्मवेअर लागतच नाही, आणि यूएसबीवरच्या एआर९२७१ चिपचं फर्मवेअर २०१३ पासून खुलं आहे.

एक अडचण खरी आहे. ब्रॉडकॉम कंपनीची काही जुनी कार्डं 'बी४३' ड्रायव्हर वापरतात, आणि त्यांचं फर्मवेअर वाटायची परवानगी नाही, म्हणून ते इन्स्टॉलरमध्ये ठेवता येत नाही. तिथे फोनची केबल जोडून 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज टाकायचं, ते फाइल उतरवून घेतं. तुमचं कार्ड कोणतं हे कळायला काही पुसावं लागत नाही. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच सिस्टिम चालते) लावा, आहे त्या डिस्कला हात न लावता बूट करा आणि घरचं वायफाय जोडून बघा.

विश्रामबागेतला तो लॅपटॉप अजून विकलेला नाही. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे जातोय.