‘उडत्या शवपेटीचा खेळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका म्हणतो, तुमच्या वयाचा आणि नोकरीचा मान ठेवून. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, त्यानिमित्ताने मी डीसीएस या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमधल्या माझ्या मिग-21 बिसबद्दल (बिस हा मिग-21 चाच एक प्रकार) लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत की याच विमानांच्या देखभालीत तुमची वीस वर्षं गेली. सकाळी ज्याचे पट्टे आवळून दिले तो पोरगा दुपारी परतला नाही, असे दिवस तुम्ही पाहिलेत. आणि त्याच विमानाचा कुणी घरात बसून खेळ मांडतो, वर ‘मजा आली’ म्हणतो, याची चीड येते. प्रतिक्रिया तीनदा वाचली. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सुटणं मला जमलं नाही.

तुमचं एक म्हणणं पूर्ण मान्य. ‘अगदी खऱ्यासारखं’ हे शब्द शीर्षकात नको होते, काढलेत. खुर्चीत बसून वळण घेताना अंगावर काही येत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. विमान आपटलं की कळ दाबायची, पुन्हा धावपट्टीवर हजर. याला उड्डाण म्हणू नये.

पण मी काय शिकलो ते सांगू द्या, कारण ‘मजा’ या शब्दात ते आलंच नाही.

पहिल्या महिन्यात मला विमान धड उतरवता येईना. पंख केवढा, तर 23 चौरस मीटर. त्यावर सहा-सात टनांचं धूड. नाक वर धरलेलं, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. धावपट्टीच्या तोंडाशी वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास, आणि मन ओरडत असतं की वेग जास्त आहे, थ्रॉटल (इंजिनचा जोर ठरवणारा दांडा) मागे घे. मी घ्यायचो, आणि विमान दगडासारखं खाली बसायचं. का ते बऱ्याच दिवसांनी कळलं. बिसमध्ये इंजिनच्या कॉम्प्रेसरमधली हवा फ्लॅप्सवरून (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांवरून) फुंकलेली असते, उतरताना पंखाला तिचा आधार असतो. थ्रॉटल मागे गेलं की ती हवा कमी होते आणि आधारही जातो. चूक उमगून थ्रॉटल पुढे ढकलावं, तर इंजिन वेग धरायला काही सेकंद घेतं. तेवढे सेकंद हाताशी नसतातच. तुम्हाला हे सगळं पाठ असणार. मला हात घातल्यावर कळलं.

मग आठवलं की कित्येक पोरं किरणसारख्या सौम्य प्रशिक्षण विमानावरून या विमानावर येत होती. मधली पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं वायुसेनेच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फोंतेन समितीने 1982 मध्ये सांगितलं होतं. तसं विमान, हॉक, वायुसेनेत दाखल झालं 2008 मध्ये. सव्वीस वर्षं! मे 2012 मध्ये राज्यसभेत सांगितलेले आकडे मी पूर्वी नुसते वाचून सोडले होते: 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत गेली, 171 वैमानिक गेले. आता रात्री उतरण्याचा सराव करताना, काळ्या खिडकीत नुसते दिवे दिसत असताना, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ आठवतात. 17 सप्टेंबर 2001, सुरतगड, रात्रीचं उड्डाण, मिग-21 कोसळलं आणि ते गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ हवाई सुरक्षेसाठी पुढे कशा उभ्या राहिल्या, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. दोष वैमानिकाचा, असं म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

अपघातांमुळे मिग-21 ला ‘उडती शवपेटी’ म्हणतात, तो शब्दही मला खुपतो. मी नाशिकचा. जवळच ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, ही विमानं बनायची. आमच्या आळीतले निम्मे बाप सकाळी कंपनीच्या बसने तिथे जायचे आणि आकाशात आवाज झाला की मान वर करून ‘आपलं’ म्हणायचे. बांगलादेश युद्धात 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागली तीही मिग-21 नीच. ज्यांनी ते बनवलं, राखलं, उडवलं, त्यांच्या कामाला तो शब्द पुरत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली खरी लागलेली गोष्ट वेगळीच आहे. माझ्या सिम्युलेटरमध्ये तुम्ही कुठेच नाही. शिडी लावणारा, पट्टे आवळणारा, चाकाखालची खुंटी काढणारा माणूस तिथे नाही. ग्राउंड क्रू म्हणजे एक यादी आणि एक आवाज. उतरल्यावर मी शेपटीचं पॅराशूट उघडतो, वेग पडला की सोडून देतो, आणि पुढच्या उड्डाणाला नवं तयार असतं. ते धावपट्टीवरून कोण उचलून आणायचं, काका? ओलं असलं तर काय करायचात? घडी घालायला किती जण लागायचे? सवड झाली की लिहा. तुम्ही लिहाल ते मी तुमच्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता, त्या लेखाच्या वर लावतो.