टेपमधले गुरुजी आणि ‘शुद्ध’ परंपरा

विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलेल्या कुणालाही विचारा, तुमचे आचार्य कोण होते? बहुतेकांना नाव आठवणार नाही. समोर उंच आसनावर दहा दिवस सहायक आचार्य बसलेले असतात, पण त्यांचं मुख्य काम बटण दाबण्याचं. शिकवतो तो टेपमधला आवाज, ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींचा. ते २९ सप्टेंबर २०१३ ला गेले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर आजही त्यांचाच आवाज ‘फिर से शुरू करें’ म्हणतो आणि संध्याकाळी सातला पडद्यावर तेच प्रवचन, तेच विनोद. जुने साधक तर विनोदाच्या आधीच हसतात.

मला स्वतःला ही व्यवस्था आवडते, हे आधीच सांगून टाकते. गादी नाही, वारसदार मुलगा नाही, पाद्यपूजा नाही. कोर्स पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून एक रुपया घेत नाहीत. पुण्यात ओशोंच्या मागे मृत्युपत्रावरच्या सहीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आपण पाहिलाय. त्या मानाने गोएंकांनी मागची आवराआवर फार शहाणपणाने केली. पण गादी रिकामी ठेवली म्हणून अधिकार संपत नाही. तो टेपमध्ये जाऊन बसतो, आणि टेपला उलट प्रश्न विचारता येत नाही.

दुपारी बारा ते एक आचार्यांना भेटायची वेळ असते. तिथे मी एकदा विचारलं होतं, की हे तंत्र बुद्धांपासून जसंच्या तसं आलंय हे आपल्याला कशावरून कळलं? आचार्य सज्जन होते. हसले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही फक्त संवेदना बघा, समता ठेवा.” साधनेच्या दृष्टीने उत्तर अगदी बरोबर, शरीरावरच्या संवेदना मन ढळू न देता बघत राहणं हेच तर तंत्र. फक्त ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांचाही दोष नाही म्हणा, त्यांना पदरचं काही बोलायची मुभाच जवळपास नाही.

प्रवचनात जी गोष्ट सांगतात ती अशी: विद्या भारतातून लुप्त झाली, ब्रह्मदेशात मोजक्या भिक्षूंनी गुरुशिष्य परंपरेने ती शुद्ध रूपात जपली आणि अडीच हजार वर्षांनी ती परत आली. ऐकायला सुरेख आहे. पण नावं विचारली की साखळी लेडी सयाडो या ब्रह्मी भिक्षूंपाशी थांबते. त्यांचा काळ १८४६ ते १९२३. त्यांच्या आधीचे गुरू कोण, याला नावानिशी उत्तर नाही. आणि लेडी सयाडोंनी हे सगळं लोकांपर्यंत न्यायला सुरुवात केली ती काही हवेत नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या राजाला पदच्युत करून नेलं, धर्माचा राजाश्रय गेला. मग धर्म टिकवायचा तर तो सामान्य गृहस्थाच्या हातात द्यायला हवा, असं या विद्वान भिक्षूने ठरवलं. त्याच ब्रह्मदेशात महासी सयाडो या दुसऱ्या भिक्षूंची पद्धत वेगळी आहे. पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवायला ते सांगतात, आणि आधार मात्र गोएंकांसारखाच सतिपट्ठान सुत्ताचा, म्हणजे ध्यानावरच्या बुद्धवचनाचा, घेतात. दोघांपैकी शुद्ध कोण? हा वाद मला व्यर्थ वाटतो.

मला खरी भुरळ पडते ती लेडी सयाडोंच्या पुढच्या कड्यांची. सया थेटजी हे भातशेती करणारे गृहस्थ, त्यांना शिकवायचा अधिकार एका भिक्षूने दिला. त्यांचे शिष्य ऊ बा खिन, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, म्हणजे सरकारी हिशेबाचा माणूस. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायचे. त्यांच्याकडे १९५५ मध्ये आला मायग्रेनने हैराण झालेला एक मारवाडी व्यापारी. फक्त डोकेदुखीसाठी आलायस तर नको, म्हणून त्यांनी आधी परत पाठवलं, तेच गोएंका. भिक्षू, शेतकरी, कारकुनी खात्यातला साहेब, व्यापारी! परंपरेने स्वतःचे नियम मोडले म्हणून ती १९६९ मध्ये मुंबईपर्यंत पोचली. एवढी जिवंत गोष्ट हातात असताना ‘काही बदललंच नाही’ असं का सांगायचं?

बरं, ऊ बा खिन १९७१ मध्ये गेल्यावर त्यांचं रंगूनचं केंद्र त्यांच्या शिष्या सयामाजींनी पुढे नेलं, त्यांची शिबिरं आणि संस्था वेगळ्या. गुरू एक, वाटा दोन. शिबिरात याचा उल्लेख निदान मी तरी ऐकला नाही.

परंपरेचा मान राखूनही तिचे नियम मोडण्याचं आपल्याकडे तर फार मोठं उदाहरण आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं ते ऊ चंद्रमणी महास्थविरांकडून. तेही मूळचे तिकडचेच, ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे परंपरेचा मान राखला. आणि लगेच समोरच्या लाखो लोकांकडे वळून त्यांनी स्वतः दीक्षा दिली, वर बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या घातल्या. एका गृहस्थाने दीक्षा द्यावी की नाही, यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली. त्या लोकांसाठी अधिकार त्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून आला होता. शिबिरात येणाऱ्यांत याच घरांतले लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांना ‘प्रश्न बाजूला ठेवा’ हे सांगणं मला खटकतं, कारण ज्या धम्माकडे ते आले त्याच्याकडे ते प्रश्न विचारतच आलेत.

माझं मागणं फार मोठं नाही. टेप राहू दे, मलाही तो आवाज हवाच आहे. पण बारा वाजताच्या भेटीत आचार्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू द्या, आणि ‘लेडी सयाडोंच्या आधीचं आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य उच्चारायची परवानगी द्या. त्याने कुणाची संवेदना कमी होणार नाही.

कमेंटमध्ये ‘तुमची साधना कच्ची आहे’ असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. घरातही एक जुने साधक आहेत, त्यांनी ते कधीच सांगून ठेवलंय. पण ज्यांनी आचार्यांना हाच प्रश्न विचारलाय, त्यांना काय उत्तर मिळालं ते मात्र नक्की सांगा.